सातपुड्याचे रोशा तेल: लेबलावरचे दावे आणि बाटलीतले सत्त्व

पावसाळा तोंडावर आला की जंतुनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या सुगंधी तेलांची मागणी वाढते आणि त्यांत टी ट्री, निलगिरी व लवंग हीच नावे पुढे असतात. खानदेशातल्या सातपुड्याच्या उतारांवर उगवणाऱ्या रोशा गवताचे तेल एके काळी मुंबई बंदरातून निघून तुर्कस्तानापर्यंत पोहोचत असे. आज ते मराठी घरांतही फारसे कोणाला ठाऊक नाही. नंदुरबार जिल्ह्यातले एक लहान उत्पादक आपल्या शेतातल्या रोशाचे तेल आपल्याच भट्टीवर काढून लहान बाटल्यांतून विकतात. हे तेल मी एक अख्खा पावसाळा घरात वापरले, जमेल तेवढी त्याची पारख केली आणि लेबलावरचे दावे उपलब्ध संशोधनाशी ताडून पाहिले. महाविद्यालयात अनेक वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवल्यामुळे ‘जंतुनाशक’ हा शब्द दिसला की तो कशाच्या आधारावर छापला आहे, हे शोधल्याशिवाय मला राहवत नाही. तेल अस्सल आहे, दर्जा उत्तम आहे आणि त्यातले जंतुरोधक गुण खरे आहेत. ते गुण कोठे व किती प्रमाणात कामी येतात, याबाबत मात्र लेबल ग्राहकाची दिशाभूल करते आणि त्यातली एक सूचना तर सरळ धोकादायक आहे.

आधी चांगल्या गोष्टी, कारण त्या पुष्कळ आहेत. तेल पंधरा मिलीलीटरच्या तपकिरी काचेच्या बाटलीत येते, तोंडाशी थेंब मोजून सोडणारी बूच बसवलेली असते आणि झाकण घट्ट असते. हा बारकावा क्षुल्लक नाही. बाष्पनशील तेलांना उजेड व हवा लागली की त्यांचे ऑक्सिडीकरण होते, वास बिघडतो आणि बिघडलेले तेल त्वचेला अधिक त्रासदायक ठरते; स्वस्त प्लास्टिकच्या बाटल्या तर या तेलाने मऊ पडतात. लेबलावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी असे पूर्ण दिले आहे, त्याच्यापुढे ‘मोतिया’ हा प्रकार नमूद आहे, शिवाय कापणीचा महिना आणि घाणा क्रमांक, म्हणजे तेल भट्टीच्या कोणत्या खेपेतले आहे त्याचा क्रमांकही आहे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक देशी सुगंधी तेलांवर एवढी माहिती नसते. ‘शंभर टक्के शुद्ध’ या तीन शब्दांपेक्षा ‘मोतिया’ या एका शब्दाला मी अधिक किंमत देईन.

त्याचे कारण सांगितले पाहिजे. रोशाचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. दिसायला ते इतके सारखे असतात की नुसते गवत पाहून नवख्याला त्यांतला फरक कळत नाही. मोतिया निचऱ्याच्या, कोरड्या उतारांवर सुट्या सुट्या ठोंबांनी वाढतो, तर सोफिया सखल व दमट जागी दाट माजतो. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल हे द्रव्य साधारण पंच्याहत्तर ते नव्वद टक्क्यांपर्यंत असते आणि त्यामुळेच त्याला गुलाबाच्या जवळ जाणारा वास येतो. सोफियाच्या तेलात हे प्रमाण बरेच कमी असते, त्यात इतर द्रव्यांची गर्दी असते आणि बाजारात ते ‘जिंजरग्रास’ या वेगळ्या नावाने व कमी दराने विकले जाते. या तेलाच्या जंतुरोधक गुणाचा मुख्य भार जिरॅनिऑलवर असल्यामुळे बाटलीत कोणत्या प्रकाराचे तेल आहे, हे कळल्याशिवाय पुढच्या कोणत्याही दाव्याला अर्थ उरत नाही.

वनस्पतीच्या नावातला ‘मार्टिनी’ म्हणजे लखनौचा जनरल क्लॉड मार्टिन. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात सैन्याबरोबर असताना त्याने बालाघाटाच्या उंच प्रदेशातून या गवताचे बी गोळा करून लखनौला नेले, अशी नोंद रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने केली आहे. त्याच लखनौत पुढे औषधी व सुगंधी वनस्पतींसाठीची केंद्रीय संशोधन संस्था, म्हणजे सीमॅप, उभी राहिली आणि तिने रोशाचे ‘तृष्णा’सारखे अधिक उतारा देणारे वाण विकसित केले, हा योगायोग मला फार सुखावतो.

तेलाच्या शुद्धतेची चर्चा इतिहासाशिवाय पूर्ण होत नाही, कारण हे तेल भेसळीच्याच वाटेने जगभर गेले. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे अरबस्तानात आणि तेथून कॉन्स्टँटिनोपलला जाणाऱ्या या तेलाला युरोपात ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणत. प्रत्यक्षात ते ना तुर्की होते, ना जिरेनियमचे. तेथे बाभळीच्या जातीच्या डिंकाच्या पाण्यात ते घुसळून, उथळ भांड्यांत उन्हात ठेवून फिकट करत आणि मग बल्गेरियातल्या गुलाबाच्या महागड्या अत्तरात मिसळत. खानदेशातल्या रोशा तेलाच्या धंद्याची दखल १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जिल्हा गॅझेटियरनेही घेतली आहे. रसायनशास्त्राच्या इतिहासातही या तेलाला मानाचे स्थान आहे: १८७१ मध्ये याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जिरॅनिऑल प्रथम वेगळे केले ते याच तेलातून. गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाणारे हे तेल पुढे स्वतःच रॉकेल, टर्पेंटाइन आणि खोबरेलाच्या भेसळीला बळी पडत राहिले.

म्हणून बाटली हाती आल्यावर मी आधी पारख केली. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून तो उघड्यावर ठेवला. काही तासांत डाग उडून गेला आणि मागे तेलकट कडा राहिली नाही. खोबरेल किंवा शेंगदाणा तेल मिसळलेले असते तर ती राहिली असती. सत्तर टक्के अल्कोहोलच्या सुमारे तिप्पट आकारमानात तेल स्वच्छ विरघळले, गढूळपणा आला नाही. रॉकेल किंवा खोबरेलासारखे न उडणारे तेल असते तर द्रावण दुधाळ दिसले असते. वास पहिल्या क्षणी गुलाबाचा, मग वाळल्या गवताचा आणि शेवटी किंचित लिंबाकडे झुकणारा आहे. मात्र या घरगुती परीक्षांची मर्यादाही सांगितली पाहिजे. कारखान्यात तयार केलेले किंवा जावा सिट्रोनेलापासून वेगळे काढलेले स्वस्त जिरॅनिऑल मिसळले असेल, तर कागद व अल्कोहोल दोन्ही त्याला निमूट पास करतील. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातली द्रव्ये वेगळी करून मोजणाऱ्या चाचणीचा, आलेख लागतो. तो मी उत्पादकांकडे मागितला आणि त्यांनी तो आढेवेढे न घेता त्याच घाणा क्रमांकाचा पाठवला. जिरॅनिऑल ऐंशी टक्क्यांच्या किंचित वर, त्याखालोखाल जिरॅनिल ॲसिटेट आणि मग थोडे लिनॅलूल, ओसिमीन व कॅरिओफायलीन अशी त्याची मांडणी आहे. ही किरकोळ द्रव्ये नैसर्गिक प्रमाणात दिसणे हाच अस्सलपणाचा पुरावा. ग्राहकाने विचारल्यावर असा अहवाल देणारा लहान उत्पादक दुर्मिळ आहे आणि केवळ एवढ्यासाठीही मी त्यांच्याकडून पुन्हा खरेदी करीन.

आता मुख्य प्रश्न: हे तेल जंतू मारते का? मारते आणि त्याची कार्यपद्धतीही बऱ्यापैकी उलगडली आहे. जिरॅनिऑलचा रेणू पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात अधिक रमतो. जीवाणूची किंवा बुरशीची पेशी ज्या पटलाने वेढलेली असते ते स्निग्ध द्रव्यांचेच असल्यामुळे हा रेणू त्यात शिरतो, पटलाची घडण विस्कटते आणि आतले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बाहेर झिरपू लागतात. २००३ मध्ये किण्वावर, म्हणजे पाव फुगवणाऱ्या यीस्टवर, रोशा तेलाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात तेलाच्या संपर्काने पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते असे दिसले आणि हा परिणाम मुख्यतः जिरॅनिऑलचा असल्याचे आढळले. कॅन्डिडासारख्या बुरशींवर आणि स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूंवर या प्रकारच्या तेलांचा प्रभाव चांगला पडतो. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असते, त्यामुळे ते सहसा अधिक चिवट ठरतात. स्यूडोमोनास एरुजिनोसा तर आत शिरलेले द्रव्य पंपासारख्या यंत्रणेने बाहेर फेकतो आणि बहुतेक सुगंधी तेलांना दाद देत नाही. न्हाणीघरात, ओल्या स्पंजात, सिंकच्या नळीत आनंदाने राहणारा जीव नेमका हाच आहे.

हे लक्षात घेतले की लेबलावरचे ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ हे वाक्य किती अपुरे आहे ते उमजते. कोणते जंतू, तेलाची संहती (पाण्यातले प्रमाण) किती, संपर्क किती मिनिटांचा, पृष्ठभाग स्वच्छ की मळलेला, या चार प्रश्नांच्या उत्तरांशिवाय तो आकडा निरर्थक आहे. मळ, साबणाचा थर किंवा अन्नाचा अंश असला की तेलाचा बराच भाग त्यातच अडकतो आणि जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. प्रयोगशाळेतल्या पेट्रीडिशवर कागदी चकतीभोवती दिसणारे स्वच्छ वर्तुळ छायाचित्रात फार प्रभावी दिसते. पण चकतीवर सहसा शुद्ध तेल टाकलेले असते. तेल पाण्यात धड मिसळत नसल्यामुळे ते अगारमध्ये, म्हणजे जंतू वाढवण्याच्या जेलीत, नीट पसरत नाही, उलट त्याची वाफ वरून पसरते. म्हणून त्या वर्तुळाच्या व्यासावरून घरातल्या वापराबद्दल निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

लेबलाची फरशी पुसण्याची सूचना ‘एक बादली पाण्यात पाच थेंब’ अशी आहे. येथे थोडा हिशेब केला की सगळे उघड होते. या बुचातून पडणारे पाच थेंब म्हणजे सुमारे ०.२ मिलीलीटर, दहा लीटर पाण्यात त्याची संहती ०.००२ टक्के होते. प्रयोगशाळेत अशा तेलांना जंतूंची वाढ रोखण्यासाठी जीवाणू व बुरशीनुसार साधारण ०.१ टक्क्यापासून पुढे, काही वेळा १ किंवा २ टक्क्यांपर्यंत प्रमाण लागते. म्हणजे बादलीतले पाणी आवश्यक प्रमाणाच्या निदान पन्नास पटींनी विरळ आहे. ०.१ टक्का गाठायचा तर एका बादलीला दहा मिलीलीटर, म्हणजे दोन-तृतीयांश बाटली, ओतावी लागेल. शिवाय हे तेल पाण्यात विरघळत नाही. ते तवंग होऊन वर तरंगते आणि ज्या कोपऱ्यात पोचाऱ्याने तो तवंग टेकला तेथेच ते लागते. मी आधी थोड्या द्रव साबणात थेंब घोळवून मगच पाण्यात मिसळले, तेव्हा ते बरे पसरले. घरात दरवळ सुंदर राहिला, पोचाऱ्याचा कुबट वास कमी झाला. पण फरशी स्वच्छ झाली ती साबणाने व घासण्याने. घरात कोणी आजारी असेल, उलटी किंवा जुलाब झालेली जागा निर्जंतुक करायची असेल, तर ब्लीचसारखे प्रमाणित जंतुनाशकच वापरावे. रोशा तेलावर ती जबाबदारी टाकू नये.

ज्या ठिकाणी ते खरोखर उपयोगी पडले ती ठिकाणे लहान, बंद आणि वाफ कोंडून राहील अशी होती. कोकणातल्या माझ्या घरी पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपला, पट्टे आणि जुन्या पुस्तकांच्या बांधणीवर पांढरी बुरशी धरते. कपाट आधी कोरडे पुसून, वस्तूंना ऊन दाखवून, कापसाच्या बोळ्यावर काही थेंब टाकून तो वाटीत ठेवला आणि बोळा सुकला की पुन्हा भिजवला. त्या कपाटात या वर्षी बुरशी फारच कमी आली आणि कपड्यांचा कुबट वास गेला. कपाट कोरडे केल्याचा वाटा यात मोठा आहे, हे मला मान्य आहे. पण शेजारचे कपाटही तसेच कोरडे केले होते, बोळा ठेवला नव्हता, आणि तेथे बुरशी नेहमीसारखी आली. हा काही काटेकोर प्रयोग नव्हे. तरी सुगंधी तेलांची वाफ बंद जागेत बुरशीला रोखते, या ज्ञात गोष्टीशी तो जुळतो. बोळा लाकडाच्या पॉलिशला किंवा प्लास्टिकला थेट टेकू देऊ नये, तेथे डाग पडतो.

त्वचेच्या बाबतीत अधिक जपून लिहिले पाहिजे. पायांच्या बोटांत चिखल्या होणे हा पावसाळ्याचा ठरलेला त्रास आहे, आणि खोबरेलात मिसळलेले रोशा तेल मी त्यासाठी वापरून पाहिले. दहा मिलीलीटर खोबरेलात चार-पाच थेंब, म्हणजे सुमारे दोन टक्के, याहून जास्त प्रमाण मी घेतले नाही आणि इतरांनीही घेऊ नये. बोटांच्या बेचक्या टॉवेलने नीट कोरड्या करून रात्री हे मिश्रण लावल्यावर खाज व दुर्गंधी लवकर कमी झाली. त्रास अगदी सुरुवातीचा होता, आणि कोरडेपणा हा निम्म्याहून अधिक उपचार आहे. त्वचा फाटली असेल, पू असेल, किंवा रुग्णाला मधुमेह असेल तर घरी प्रयोग करत बसू नये. नायट्याच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. स्टेरॉइड मिसळलेली मलमे चिठ्ठीविना लावून लावून देशभर नायटा हट्टी झाला आहे. त्यात भर म्हणून तेल चोळत आठवडे घालवणे म्हणजे संसर्ग घरभर पसरवणे होय. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे हाच तेथे मार्ग आहे.

जिरॅनिऑल काही जणांच्या त्वचेला चालत नाही. युरोपीय संघाच्या नियमांत ते ॲलर्जी उत्पन्न करू शकणाऱ्या सुगंधद्रव्यांच्या यादीत आहे आणि त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात ते ०.००१ टक्क्याहून अधिक असेल तर त्याचे नाव वेष्टनावर छापावे लागते. या बाटलीत ते ऐंशी टक्के आहे, तरी लेबलावर इशाऱ्याचा एक शब्दही नाही. पहिल्यांदा वापरण्यापूर्वी पातळ केलेले तेल कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. डोळ्यांजवळ, लहान बाळांना आणि गरोदरपणात ते टाळावे.

सर्वांत गंभीर आक्षेप ‘आतून-बाहेरून वापरता येते’ आणि ‘प्रतिजैविकांना नैसर्गिक पर्याय’ या दोन ओळींना आहे. हे तेल पिण्यासाठी नाही. खाद्यपदार्थांना स्वाद देण्यासाठी जिरॅनिऑल अत्यल्प प्रमाणात वापरले जाते, म्हणून कोमट पाण्यातून थेंब घेणे निर्धोक ठरत नाही. तोंडाची व जठराची आतली त्वचा त्याने पोळू शकते, आणि लहान मुलांच्या हाती लागल्यास थोडे तेलही धोक्याचे ठरते. प्रतिजैविकांशी केलेली तुलनाही टिकत नाही. चांगले प्रतिजैविक संवेदनशील जीवाणूला एका मिलीलीटरमध्ये काही मायक्रोग्रॅम एवढ्या प्रमाणात रोखते, ०.१ टक्का तेल म्हणजे मिलीलीटरमागे सुमारे नऊशे मायक्रोग्रॅम. एवढे तेल रक्तात पोहोचवणे शक्य नाही आणि इष्ट तर मुळीच नाही. संशोधनातली खरी आशादायक गोष्ट वेगळी आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जिरॅनिऑलने एन्टेरोबॅक्टर या जीवाणूच्या औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाला अडथळा केला आणि निष्प्रभ ठरलेली प्रतिजैविके त्याच्यावर पुन्हा परिणाम करू लागली. म्हणजे हे द्रव्य पुढेमागे प्रतिजैविकांचे सहायक ठरू शकेल. पण ते काम प्रयोगशाळेतले आहे. त्याच्या आधारावर ताप आलेल्या माणसाने डॉक्टरांची गोळी सोडून ही बाटली उघडावी, असे कोणी सुचवू नये.

या सगळ्या हरकती मी उत्पादकांना कळवल्या, तेव्हा त्यांनी फोनवर शांतपणे ऐकून घेतले. लेबलावरचा हा मजकूर छापखान्याने दुसऱ्या कोणत्या तरी तेलाच्या वेष्टनावरून सुचवला होता आणि तो आपण तपासला नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पुढच्या कापणीच्या तेलावर पिण्याचा व प्रतिजैविकांचा उल्लेख नसेल, अशी त्यांनी हमी दिली आहे. त्यांनी मोतिया प्रकार, कापणीचा महिना व घाणा क्रमांक आहेत तसेच ठेवावेत, जिरॅनिऑलची टक्केवारी, पातळ करण्याचे प्रमाण आणि ॲलर्जीचा इशारा ठळक छापावा आणि फरशीच्या सूचनेतून जंतुनाशाचा दावा काढून ती सुगंधापुरती ठेवावी, एवढीच माझी मागणी आहे.

किमतीबद्दल तक्रार नाही. शंभर किलो हिरव्या गवतातून जेमतेम अर्धा किलो तेल निघते, ते मुख्यतः फुलोऱ्यात व पानांत असते आणि फुलोरा भरात असतानाच कापणी साधावी लागते. हे पाहता नामांकित कंपन्यांच्या टी ट्री तेलाएवढी किंमत रास्त आहे. भट्टीतून तेलाबरोबर उतरणारे सुगंधी पाणीही ते विकतात, पण त्यात तेलाचा अंश फार थोडा असल्यामुळे ते लवकर खराब होते. घ्यायचे असल्यास लहान बाटली घ्यावी आणि फ्रिजमध्ये ठेवावी. तेलाची बाटली मात्र अंधाऱ्या, थंड जागी झाकण घट्ट लावून ठेवल्यास बराच काळ टिकते. मोठी बाटली स्वस्त पडत असली तरी ती वारंवार उघडली जाते, म्हणून घरगुती वापरासाठी पंधरा मिलीलीटरचीच घ्यावी. नवे तेल दिवाळीच्या सुमारास बाजारात येते, तेव्हा मागवताना नव्या लेबलाची आणि त्या घाण्याच्या क्रोमॅटोग्राफी अहवालाची चौकशी अवश्य करावी.